कान शाबूत

“पन्नास मिनिटं,” बायको म्हणाली आणि हातातल्या पाच वाळलेल्या चादरी तिने टेबलावर, नवऱ्याच्या कागदांवरच ठेवल्या. “दार बंद झालं तेव्हा खाली शिंप्याच्या रेडिओवर तीनच्या बातम्या लागल्या होत्या. आता चारला दहा कमी आहेत. करा वजाबाकी.”

कानमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आधी बायकोकडे, मग दाराकडे पाहिलं. दारात खालचा शिंपी अवघडून उभा होता. शर्टाच्या खिशापाशी दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. हातातलं काम टाकून धावत आला असावा.

“मी आपली कडी काढली फक्त,” शिंपी म्हणाला. “वहिनी केव्हाच्या दार बडवत होत्या. मला वाटलं, वर कुणीतरी खिळे ठोकतंय. मग म्हटलं, रविवारी दुपारी एवढे खिळे ठोकून टांगणार काय?”

“तुझी मशीन चालू होती ना?” मास्तरांनी विचारलं.

“होती की.”

“रेडिओही?”

“तोही. म्हणून तर उशीर झाला,” शिंपी म्हणाला आणि आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे लक्षात येऊन सुईला हात लावत खाली निघून गेला.

प्रकार असा झाला होता. गच्चीच्या लोखंडी दाराची कडी जिन्याच्या बाजूला होती आणि दार जोरात आपटलं की ती आपोआप कोंड्यात पडायची. इमारतीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून गच्चीवर जाताना कुणी ना कुणी दार धरायला सोबत असे. बायकोही जाताना सांगून गेली होती. वारा आला, दार आपटलं, कडी पडली. मास्तरांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीच्या दारापासून मास्तरांच्या खुर्चीपर्यंत बारा पायऱ्या, एक उघडा दरवाजा आणि चार पावलं. शिंपी तीन मजले खाली, पहिल्या मजल्यावर.

“मी काय सांगून गेले होते?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“म्हटलं होतं, चादरी काढायला जातेय, पाच मिनिटांनी दार धरायला या. काय म्हणालात?”

“काय म्हणालो?”

“हं म्हणालात.”

हे मास्तरांना आठवत नव्हतं, पण खोटंही वाटत नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी सगळ्यात जास्त उच्चारलेला शब्द तोच असावा. मुलीचं लग्न त्यांनी ‘हं’ वर ठरवलं होतं आणि ते ठरल्याचं त्यांना पुढच्या आठवड्यात कळलं होतं.

आता कानमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात, जिन्याखालच्या खोलीत, ते चौतीस वर्षं लोकांच्या ऐकण्याची तपासणी करत आले होते. माणसाला जाड दाराच्या बंद खोक्यात बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि आपण बाहेर मशीनपाशी बसून एकेक आवाज सोडायचा. मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, बाहेर दिवा लागायचा, कागदावर खूण व्हायची. खुणा जोडल्या की रेघ. रेघ वर राहिली तर कान शाबूत, खाली घसरली तर गेले. अशा साठ हजार रेघा त्यांनी ओढल्या होत्या. आकडा त्यांचाच, आणि आकड्यांच्या बाबतीत माणूस थापा मारणारा नव्हता.

त्यांच्यात खोट एकच. ते जिथे असत तिथे नसत. जेवायला बसले की हात धुवायची घाई, हात धुताना झोपायची, आणि अंथरुणाला पाठ टेकली की उद्याची. अंघोळीचं पाणी कुणाच्या अंगावर पडतंय आणि मास्तर आहेत कुठे, ह्याचा पत्ता साबणालाही नसे. लोक त्यांना ‘फार पुढचा विचार करणारा माणूस’ म्हणत आणि मास्तरही ते कौतुक समजून घेत. त्या दुपारी चादरींखाली दडपलेल्या कागदावर ते त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभातलं आभाराचं भाषण लिहीत होते. निवृत्तीला अजून अडीच वर्षं होती.

बायको समोरच्या खुर्चीत बसली. तिच्या तळहातांच्या कडा लाल झाल्या होत्या.

“आधी हाक मारली,” ती म्हणाली. “मग दार वाजवलं. मग चपलेने बडवलं. मग थोडी रडले, खोटं कशाला बोलू. मग मनात आलं, समजा उन्हात चक्कर आली असती, छातीत कळ आली असती. तर तुम्हाला कधी कळलं असतं? चार वाजता. चहा आला नाही म्हणून.”

मास्तर बोलले. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्यांना एक काडी दिसली होती.

“मला वाटतं, माझे कान गेलेत.”

बायकोने चटकन वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसेल अशी मास्तरांची अपेक्षा होती. दिसली ती आशा.

“गेले असतील,” ती म्हणाली. “ह्या वयात जातातच. उद्याच्या उद्या तपासून घ्या. कान गेले असतील तर माझी काही तक्रार नाही. उरलेला जन्म ओरडून बोलेन. पण कान धड निघाले,” इथे ती उठली आणि चादरी पुन्हा उचलून घेतल्या, “तर मग ती पन्नास मिनिटं तुम्ही होतात कुठे, ते मला ऐकायचंय.”

मास्तरांची इकडे आड तिकडे विहीर झाली. ज्याचे स्वतःचे कान गेले त्याला मशीनपाशी ठेवत नसत. त्यांच्या आधीच्या माणसाला तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं होतं. सहा वर्षं तो फायलींना दोऱ्या बांधत होता आणि शेवटी शेवटी फायलींशी बोलायलाही लागला होता. म्हणजे कान गेले तर तळघर. कान असले तर बायको. मास्तरांनी मनातल्या मनात दोन्ही पारडी तोलून पाहिली आणि तळघराकडे काटा जरासा झुकला.

सोमवारी सकाळी त्यांनी रोजच्याप्रमाणे हेडफोन कानाला लावून मशीन तपासलं. नियमच होता तसा: पहिला पेशंट आत जाण्याआधी स्वतः प्रत्येक आवाज ऐकायचा आणि नोंदवहीत बरोबरची खूण करायची. चौतीस वर्षांत एक खूण चुकली नव्हती. त्या दिवशी खूण करून पेन खाली ठेवलं आणि मास्तर थबकले. आवाज ऐकला का आपण? आठवेना. बोटाने कळ दाबली हे आठवत होतं, पेन उचललं हेही आठवत होतं. मधलं काही नव्हतं. त्यांनी नोंदवहीची मागची पानं चाळली. सुंदर, सारख्या उंचीच्या, एका ओळीतल्या खुणा. ह्यातल्या किती ऐकून केल्या, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी वही मिटली.

दुपारी पेशंट संपल्यावर त्यांनी छत्रीबाईंना गाठलं. छत्रीबाई म्हणजे विभागातल्या दुसऱ्या तपासनीस. उन्हाळा असो, हिवाळा असो, बाईंच्या खांद्याला छत्री. सात वर्षांपूर्वी त्या नव्याने आल्या तेव्हा मास्तरांनीच त्यांना काम शिकवलं होतं. काम त्या शिकल्या, वेग नाही शिकल्या. मास्तर एक माणूस आठ मिनिटांत बाहेर काढत; बाईंना वीस लागत. “बाई, तुमचा पेशंट आत म्हातारा होतो,” हा मास्तरांचा ठरलेला टोमणा होता. बाई हसत आणि पुढच्यालाही वीसच मिनिटं लावत.

“बाई, माझी तपासणी करायची,” मास्तर म्हणाले.

“का? घरी काही बोलणं झालं का, सर?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ह्या खोलीत येणारे निम्मे लोक बायकोने पाठवलेले असतात. बसा आत.”

दार लागलं. शीतगृहाच्या दारासारखं जाड दार, भिंतींना बारीक भोकांच्या पत्र्यांचं अस्तर, समोर काचेची खिडकी, एक खुर्ची. मास्तरांनी ह्या खुर्चीत साठ हजार माणसं बसवली होती. स्वतः ते बल्ब बदलायला तेवढे तिच्यावर चढत. त्यांनी हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं आणि दाबायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने बाईंनी दार उघडलं.

“सर, मी अजून मशीन लावलंच नाहीये.”

“मग मी दाबलं कशावर?”

“तेच विचारायला आले. पाच वेळा दाबलंत.”

पुन्हा दार लागलं. ह्या वेळी सगळं सुरळीत झालं असं मास्तरांना वाटलं. टप टप टप, बटणावर अंगठा चालला होता. आपलेही कान आठ मिनिटांत उरकतात ह्याचं त्यांना जरा समाधानही वाटलं. दार उघडलं. बाईंनी कागद पुढे धरला. कागदावर रेघ नव्हती. कोंबडी नाचून गेल्यासारख्या खुणा होत्या.

“मी आवाज दिले नऊ. तुम्ही दाबलंत चोवीस वेळा.”

“मला ऐकू आले, बाई.”

“चोवीस?”

“म्हणजे, येणार होतेच ना. ह्यानंतर हा, मग तो. क्रम मला पाठ आहे.”

“क्रम तुम्हीच मला शिकवलात,” बाई म्हणाल्या. “आणि तेव्हा काय सांगितलं होतंत? पेशंट हुशार असला की आवाजाची वाट बघत नाही, आपल्या लयीची वाट बघतो. त्याची लय मोडा. आठवतंय?”

“मी असं म्हणालो होतो?”

“अगदी असंच. मी वहीत लिहून घेतलंय.” मग त्यांनी खुर्ची धरून मास्तरांसकट भिंतीकडे फिरवली. “काचेतून माझा खांदा हललेला दिसतो तुम्हाला. बघा आता भिंतीकडे. ह्या खेपेला क्रम नाही, लय नाही. मला वाटेल तेव्हा आवाज देईन, वाटलं तर दोन मिनिटं देणारच नाही. आला की दाबा. येईल म्हणून दाबू नका.”

“मग मधल्या वेळात मी करू काय?”

“बसा,” बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांना एवढा अवघड हुकूम कुणी दिला नव्हता.

आधी ते भाषणात शिरले. मोठ्या डॉक्टरांचे आभार, मग विभागातल्या भगिनींचे. अंगठा आपोआप बटणावर दाबला जाणार, तोच त्यांनी तो आवरला. मग तळघरात गेले, फायलींच्या दोऱ्या मोजून आले. मग घरी जाऊन बायकोपुढे उभे राहिले आणि तिची बोलणीही खाऊन आले, तेही दोन निरनिराळ्या प्रकारांनी. एवढं सगळं हिंडून झालं तरी आवाज आला नव्हता. भिंत होती. पत्र्याची भोकं होती. खालून तिसऱ्या रांगेतल्या एका भोकात कुणीतरी कागदाचा बोळा कोंबला होता. साठ हजारांपैकी एकजण. चांगलाच कंटाळला असणार बिचारा.

मग, जायला आणखी ठिकाण उरलं नाही म्हणून, मास्तर खुर्चीत आले.

पहिल्यांदा त्यांना शर्टाची कॉलर ऐकू आली. मान जराशी हलली की ती दाढीच्या खुंटांना घासत होती. त्यांनी मान स्थिर धरली. मग आवंढा ऐकू आला, केवढा मोठा, मोरीत पाणी जावं तसा. मग श्वास. उजव्या नाकपुडीत एक बारीकशी शीळ होती. ती आत जाताना वाजत होती, बाहेर येताना नाही. ही शीळ कधीपासून आहे? त्यांना ठाऊक नव्हतं. तिच्याही खाली, फार खाली, काहीतरी धप् धप् करत होतं आणि मास्तरांना वाटलं, बाहेरच्या खोलीत कुणी कपाट सरकवतंय. ते कपाट त्यांच्या छातीतलं होतं. साठीकडे झुकलेला तो गृहस्थ जन्मल्यापासून चालू होता आणि आज प्रथमच कुणीतरी त्याच्याकडे लक्ष दिलं होतं.

आणि मग त्या सगळ्याच्या पलीकडून आवाज आला. इतका बारीक की तो आला असं म्हणण्यापेक्षा तिथलं मौन एका जागी जरासं उजळलं म्हणावं. मास्तरांनी बटण दाबलं. आवाज थांबला. थांबतानाही त्याला एक टोक होतं, सुईच्या टोकासारखं. हाच आवाज त्यांनी साठ हजार लोकांच्या कानांत सोडला होता आणि तो संपतो कसा हे त्यांना माहीत नव्हतं.

पुढचा आवाज केव्हा येईल ह्याची त्यांना उत्सुकता उरली नाही, असं काही झालं नाही. मन चार वेळा पळालं. एकदा तर थेट भाषणातल्या शेवटच्या टाळ्यांपर्यंत गेलं. पण दर वेळी कॉलर होती, शीळ होती, कपाट होतं. त्यांच्यापाशी परत येता येत होतं. आवाज येत गेले. मास्तर दाबत गेले. मध्ये एक फार मोठी शांतता आली. इतकी मोठी की तिच्यात एखाद्याने बिऱ्हाड केलं असतं. मास्तर तिच्यात बसून राहिले. अंगठा बटणावर होता आणि हलला नाही.

बाईंनी दार उघडलं तेव्हा त्या जरा ओशाळल्या होत्या.

“माफ करा हं सर, मोठे डॉक्टर आले होते, सुट्ट्यांचं बोलत बसले. तुम्ही आत आहात हे मी विसरलेच. सात मिनिटं गेली.”

“मला वाटलं, तपासणीच आहे.”

“दिवा लागला असता तर आठवलं तरी असतं. एकदाही लागला नाही.” त्यांनी मास्तरांकडे निरखून पाहिलं. “झोप लागली होती का?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “जागा होतो.” आणि हे आपण नेहमीपेक्षा वेगळं काही सांगतोय असं त्यांना वाटलं.

बाईंनी कागद टेबलावर पसरला. रेघ वरच्या अंगाने सरळ गेली होती आणि अगदी शेवटी थोडी वाकली होती.

“शेवटचं ते वयाचं. पाखरांची चिवचिव जरा कमी येईल, एवढंच. बाकी चाळिशीतल्या माणसाला शोभतील असे कान आहेत.”

मास्तर स्टुलावर बसले. तळघर, फायली, दोऱ्या, सगळं एका फटक्यात अंगावरून उतरलं. दिवसभर आवळून धरलेले खांदे खाली आले आणि ते एवढे वर होते हे तेव्हा कळलं. अडीच वर्षं. ह्याच खोलीत, ह्याच मशीनपाशी. त्यांना हसू फुटलं. मग ते हसू जसं आलं तसं हळूहळू ओसरलं, कारण त्यांना दुसरं पारडं आठवलं.

“बाई,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “ही रेघ जराशी खाली नाही का आणता येणार? फार नको. दोन बोटं.”

छत्रीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“सर, नोकरी जाईल म्हणून रेघ वर चढवा म्हणणारे महिन्याला दोन येतात. खाली उतरवा म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

“घरी दाखवायचीय.”

“आणते की. मग कानाला यंत्र लावा, जन्मभर. जेवताना शिट्ट्या ऐका त्याच्या. आणि दर वर्षी माझ्यापुढे बसून बहिऱ्याचं सोंग करा. करता येईल का ते बघा, कारण आज तुम्हाला साधं ऐकायचं सोंगही जमत नव्हतं.” त्यांनी कागदाची घडी घालून मास्तरांच्या खिशात ठेवली आणि छत्री खांद्याला लावली. “जा घरी. एवढा चांगला रिपोर्ट घेऊन एवढं तोंड पाडून जाणारा माणूस मी बघितला नव्हता.”

रस्त्याने जाताना मास्तरांनी, सवयीप्रमाणे, बायकोला काय सांगायचं त्याचे तीन मसुदे तयार केले. पहिल्यात दोष वाऱ्याचा होता, दुसऱ्यात लोखंडी दाराचा, तिसऱ्यात एकूणच इमारतीच्या बांधणीचा. तिसरा मसुदा रंगात आला असताना ते एका सायकलवर आपटता आपटता वाचले आणि सायकलवाल्याने त्यांच्या डोळ्यांबद्दल चौकशी केली. मास्तर बाजूला होऊन उभे राहिले. कॉलर दाढीला घासत होती. शीळ होती. मग चाकांचा, चपलांचा, शटर वर जाण्याचा, कुणीतरी कुणालातरी “अरे, सुट्टे नाहीत” म्हणण्याचा असा सगळा रस्ता एकदम ऐकू आला. फार वेळ टिकलं नाही ते. दोन दुकानांपुरतं. तरीही घरी पोचले तेव्हा तिन्ही मसुदे कुठेतरी सांडून गेले होते.

घरात कुणी नव्हतं. बायको बाजारात गेली असणार. कालच काहीतरी बोलली असेल आणि आपण हं म्हटलं असेल. मास्तर टेबलापाशी न बसता दाराजवळच्या खुर्चीत बसले. दार उघडंच ठेवलं.

जिन्यात पावलं वाजू लागली. कुणीतरी म्हातारी वर येत होती. डावं पाऊल पडे, मग क्षणभर काही नाही, मग उजवं पाऊल ओढून त्याच पायरीवर, जरा जड. कठड्याला हाताचा भार. पुन्हा डावं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. श्वास घेतला. पिशवी ह्या हातातून त्या हातात गेली, कागदाची सळसळ झाली. मास्तर चौतीस वर्षांच्या सवयीने कानांनी हिशोब करत होते: उजवा पाय, बहुतेक गुडघा, एवढ्यातला नव्हे, सहा-आठ महिने जुना. इमारतीत एवढी थकलेली बाई कोण आहे, हे काही त्यांच्या ध्यानात येईना. कुणाकडे पाहुणी आली असावी. पावलं तिसऱ्या मजल्यावर आली, तिथली दारं मागे टाकून आणखी वर आली आणि दारात बायको उभी राहिली.

मास्तर उठून उभे राहिले, पाहुणी आल्यासारखे.

“लवकर आलात,” बायको म्हणाली. तिने पिशवी ठेवली. “काय निघालं?”

मास्तरांनी खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. त्या रेघेतलं तिला काही कळणार नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं. तरी तिने तो नीट उलगडून खिडकीच्या उजेडात धरला.

“कान शाबूत आहेत,” मास्तर म्हणाले.

बायको कागदाकडे बघत राहिली. खाली शिंप्याची मशीन चालली, थांबली, चालली.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “काल मी म्हटलं की कान गेलेले बरे. पण आज दुपारी घरात एकटी होते, तर नुसती धडधड होत होती. म्हटलं, खरंच गेले असतील तर ह्या माणसाला रस्त्यात मागून गाडी आलेली कशी कळायची? बरं झालं. चांगले आहेत ते बरं झालं.” तिने कागदाची घडी घातली. “आता सांगा. पन्नास मिनिटं. कुठे होतात?”

“अडीच वर्षं पुढे.”

“म्हणजे?”

“निरोपाचं भाषण लिहीत होतो. निवृत्तीचं. आभार मानत होतो सगळ्यांचे.”

“कुणाकुणाचे मानलेत?”

“मोठ्या डॉक्टरांचे. नर्सबाईंचे. लिफ्टवाल्याचे. मशीन दुरुस्त करायला येतो त्याचे.”

“आणि माझे?”

“तुझ्यापर्यंत पोचायच्या आत शिंपी आला,” मास्तर खरं तेच बोलले.

बायकोने तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले तेव्हा मास्तर घाबरले. मग कळलं, ती हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले आणि बोट रोखलं.

“हसले म्हणजे सोडलं असं समजू नका.”

“नाही समजत.”

“माझ्या मनातून ते दार जायला वेळ लागेल.”

“लागू दे.” मास्तर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. “उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?”

बायको पिशवीतून भाजी काढत होती, ती थांबली.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“जिन्यात ऐकलं. मला वाटलं, कुणीतरी म्हातारी येतेय.”

“आहेच मी म्हातारी.” ती खुर्चीत बसली आणि पाय हळूच पुढे पसरला. “थंडी सुरू झाली तेव्हापासून. सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा. तिसऱ्यांदा म्हटलं, जाऊ दे.”

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ते नुसतं सांगत होती, दुधाचा भाव सांगावा तसं. मास्तरांनी मान खाली घातली. उत्तर शोधायला ह्या वेळी मनाने कुठे जायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

“फार दुखतो?”

“दुखण्याचं एक सोडा. आवाज येतो. चढताना कट् होतं, आणि बसून उठलं की आत वाळू असल्यासारखं.”

“मला ऐकू दे.”

“इश्श! गुडघा काय ऐकायचा असतो?”

“माझं कामच आहे ते,” मास्तर म्हणाले आणि स्टुलावरून खाली जमिनीवर बसले. चष्मा काढून बाजूला ठेवला. डावा कान तिच्या गुडघ्याला टेकवला.

“खिडकी उघडी आहे, लोक बघतील.”

“बघू देत. तू वाकव.”

बायकोने पाय हळूहळू वाकवला. आत काहीतरी फार बारीक कुरकुरलं, कोरड्या पानावरून मुंगी जावी तसं. मग एक स्पष्ट कट्.

“आला?” तिने कुजबुजत विचारलं.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले.

तिने खालच्या रस्त्यावरून येणारी गाडी निघून जाऊ दिली, श्वास रोखून धरला आणि पाय पुन्हा वाकवला.